ओम्नी कॅम्पर चढात गरम झाली की मिसिंग करून बंद पडते. कॉइल बदलली, आता काय बघायचं?

करवीर कॅम्पर (प्रश्न)

गाडी मारुती ओम्नी, कार्बोरेटरची, ७९६ सीसी, तीन सिलेंडर. ठिणगी तिन्ही प्लगना वाटणारा डिस्ट्रिब्युटर पॉइंट-कंडेन्सरवाला, म्हणजे कॉइलचा करंट आतले कॉन्टॅक्ट (पॉइंट) उघडून तोडणारा. एलपीजी किट जुन्या पद्धतीचं, मिक्सर (गॅस हवेत मिसळणारा) आणि रेड्यूसरचं (टाकीतल्या गॅसचा दाब कमी करणारा), आरसीवर चढवलेलं. मागं पलंग, बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, दुसरी बॅटरी, एलईडी दिवे. इंजिन पुढच्या सीटखाली. आवाज आत येऊ नये म्हणून इंजिनाच्या झाकणावर फोम आणि त्यावर प्लाय मारलेला आहे. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल त्या झाकणाखालीच पट्टीवर बसवलेली आहे.

लक्षणं अशी:

कोरड्या हवेत थंड गाडी अर्ध्या सेलला चालू होते. गावात, म्हणजे कोल्हापुरात रंकाळा, कळंबा, उद्यमनगर एवढ्या फिरण्यात तक्रार शून्य. वैभववाडीकडून करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना, दुसऱ्या-तिसऱ्या गियरला जोर दिला की मिसिंग (सिलेंडर मधेमधे पेट घ्यायचं चुकणं) सुरू. आधी हलके धक्के, मग मिक्सरमध्ये फटका, मग बंद. नंतर सेल मारला तर इंजिन चांगलं फिरतं, पण पकडत नाही. सीट उचलून पंधरा-वीस मिनिटं वारं लागू दिलं की जणू काही झालंच नाही अशी चालू होते. गॅसवर लवकर होतं. पेट्रोलवर टाकलं की थोडं पुढं जाते, पण तिथंही होतंच.

दुसरा त्रास वेगळा वाटतो. पावसाळ्यात सकाळी एक सिलेंडर मेल्यासारखी चालू होते आणि दहा मिनिटांत सरळ होते.

बदललेलं सामान: तिन्ही प्लग, कॉइल, पेट्रोल फिल्टर. कार्बोरेटर साफ केला. प्लगचा रंग फिकट तपकिरी, कोरडा, काजळी नाही. प्लग गॅप ०.८ मिमी. पॉइंटवर निळसर झाक आहे.

इंधन आणि इग्निशन (ठिणगीची यंत्रणा) वेगळं कसं करायचं आणि रस्त्यात बंद पडल्यावर नेमकं काय मोजायचं, ते सांगा.

---

घाटातला गडी

पेट्रोल वाफाळतंय. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनावरच चालतो, त्यात तुम्ही वरून फोम-प्लाय मारून भट्टी केलीय. बंद पडली की पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं टाका. पाच मिनिटांत चालू झाली तर वाफच. कार्बोरेटरवरचा फ्युएल कट सोलेनॉइडही (पेट्रोल चालू-बंद करणारा विजेचा वॉल्व्ह) बघा, चावी फिरवल्यावर त्याचा ‘टक’ आवाज आला पाहिजे.

---

उद्यमनगर फिटर

गडीभाऊ, वाफेचं एकट्या पेट्रोलच्या गाडीला पटलं असतं. इथं गॅसवरही बंद पडते, उलट लवकर पडते. गॅसला पेट्रोल पंपाचा संबंध नाही. दोन्ही इंधनांवर तीच लक्षणं असतील तर दोन्हींना सामाईक काय ते बघायचं, आणि ते इग्निशन. पॉइंट निळे पडलेत हेही तेच सांगतं.

गॅसच्या बाजूनं फक्त एक गोष्ट आधी वगळा. रेड्यूसरला कूलंटची ऊब लागते. कूलंट कमी असेल किंवा त्या पाइपात हवा अडकली असेल, तर लांब चढात रेड्यूसर गारठतो आणि अंगावर पांढरं दंव धरतो. बंद पडल्या पडल्या हात लावून बघा. गरम असेल तर तो विषय संपला.

गॅसवर आधी का मरते तेही सांगतो. गॅस-हवेचं मिश्रण पेटवायला प्लगला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यात मिश्रण थोडं हलकं असेल तर आणखी. चढात थ्रॉटल पूर्ण उघडला की सिलेंडरमधला दाब वाढतो, तेव्हाही ठिणगीला उडी मारायला जास्त जोर लागतो. म्हणजे जेव्हा गरज सगळ्यात जास्त तेव्हाच तुमची ठिणगी कमी पडते. सपाटीला तेवढीच ठिणगी पुरते, म्हणून गावात काही कळत नाही. प्लग गॅप ०.८ वरून ०.७ करा. गॅसला तेवढा बरा. पण हा उपाय नव्हे, नुसता आधार आहे.

आता रस्त्यात बंद पडल्यावर करायचं काम. गाडी गरम आहे, दोष हजर आहे, तोवरच मोजायचं. गार झाल्यावर मोजलं तर सगळं बरोबरच दिसणार. एलईडीला १ किलोओहमचा रेझिस्टर जोडून टेस्टर करा आणि एक मल्टिमीटर ठेवा. २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब टेस्ट लॅम्प म्हणून इथं वापरू नका, तो स्वतःच इतका करंट खेचतो की कॉइलच्या मायनसवर खोटं चित्र दिसतं.

त्याआधी गॅसच्या टाकीचा वॉल्व्ह बंद करा, दारं उघडा, स्वयंपाकाची शेगडी आणि तिचा सिलेंडर बाहेर ठेवा. या गाडीत इंजिन म्हणजे माणसं बसतात त्या खोलीतच आहे, आणि एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळं फरशीवर साचतो. वास येत असेल तर ठिणगीची तपासणी करायचीच नाही.

चावी ऑन. टेस्टर कॉइलच्या प्लस आणि इंजिनाच्या अर्थमध्ये. दिवाच नाही, तर कॉइलपर्यंत करंट येत नाही: फ्यूज, चावीचा स्विच, कनेक्टर. दिवा आहे, तर आता टेस्टर कॉइलच्या मायनसवर लावा आणि दुसऱ्याला सेल मारायला सांगा.

मायनसवर दिवा लुकलुकला पाहिजे. पॉइंट उघडले की पेटतो, मिटले की विझतो.

सतत पेटलेला राहिला, तर पॉइंट मिटत नाहीत किंवा मिटूनही अर्थ मिळत नाही. जळालेले पॉइंट हे एक कारण. दुसरं, आणि हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं: डिस्ट्रिब्युटरच्या आत हलणाऱ्या प्लेटला बॉडीशी जोडणारी एक बारीक विणलेली अर्थ वायर असते. व्हॅक्यूम अॅडव्हान्सनं (इंजिनाच्या ओढीनं ठिणगीची वेळ पुढं करणारा भाग) प्लेट पुढं-मागं होते तशी ती वायर वाकून वाकून तुटते. वरून इन्सुलेशन शाबूत, आत तारा तुटलेल्या. थ्रॉटल दिला की दोष, सोडला की ठीक, असं होत असेल तर ही वायर पहिली बघा.

सतत विझलेला राहिला, म्हणजे प्लसवर करंट आहे पण मायनसवर नाही, तर एक तर कॉइलचं प्रायमरी (बारा व्होल्टची गुंडाळी) तुटलंय, पॉइंट उघडतच नाहीत, किंवा मायनसची वायर कुठंतरी बॉडीला टेकतेय. पॉइंटच्या स्प्रिंगखालचा फायबर वॉशर, शॉर्ट झालेला कंडेन्सर (पॉइंट उघडताना तिथं ठिणगी पडू न देणारा), आणि तुमच्या बाबतीत तिसरा संशयित: एलपीजी स्विचची वायर. इंजिन फिरतंय की नाही हे कळायला गॅस किटचा स्विच कॉइलच्या मायनसवरून सिग्नल घेतो. ती बारीक वायर इंजिनाच्या झाकणाखालून जाते, झाकणाच्या कडेत चिमटते, गरमीत तिचं प्लास्टिक मऊ होतं आणि ती पत्र्याला लागते. लागली की इग्निशन मेलं. ती वायर मायनसवरून काढून पेट्रोलवर सेल मारा. पकडलं तर चोर सापडला.

लुकलुकतोय, तर मधली वायर, म्हणजे कॉइलवरून डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या (वरच्या झाकणाच्या) मध्यात येणारी, कॅपमधून काढून तिचं टोक इंजिनाच्या स्वच्छ लोखंडापासून ६-७ मिमीवर धरा. हातानं नाही, सुकी लाकडी पट्टी किंवा इन्सुलेटेड पक्कड वापरा. आणि वायर हवेत मोकळी लोंबकळत ठेवून सेल मारू नका. ठिणगीला जायला जागा मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतूनच वाट काढते, आणि कॉइल कायमची अधू होते. निळी-पांढरी, कडकडीत आवाजाची ठिणगी असेल तर कॉइलपर्यंत सगळं बरं. दोष पुढं कॅप, रोटर (कॅपच्या आत फिरून ठिणगी वाटणारा तुकडा), प्लग वायरमध्ये. पिवळट-लालसर, बारीक, आवाज नसलेली असेल तर तीन शक्यता: कंडेन्सर, कॉइलचं सेकंडरी (ठिणगीची गुंडाळी), किंवा प्लसवर पोचणारं व्होल्टेजच कमी.

तुमची तिथंच अडणार असं दिसतंय. मोजून टाका, मग बोलू.

---

शिरोली वायरमन

फिटरदादांनी शेवटचं वाक्य घाईत संपवलं, मला तिथंच थांबायचं आहे. टेस्टरचा दिवा ९ व्होल्टवरही पेटतो आणि १३ वरही. कॉइलला मात्र त्यानं फार फरक पडतो. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाप्रमाणं असते. व्होल्टेज वीस टक्के पडलं की करंट वीस टक्के पडतो, आणि ऊर्जा पडते छत्तीस टक्के. त्यामुळं कॅम्पर केलेल्या गाडीत ‘करंट येतोय की’ एवढं उत्तर चालत नाही, किती येतोय ते पाहिजे.

माझा पहिला प्रश्न: फ्रिज आणि दुसऱ्या बॅटरीचा रिले (विजेनं चालणारा स्विच) कुठून चालवलाय? ‘गाडी चालू असतानाच चालू व्हावा’ म्हणून फिटिंगवाले सरळ चावीच्या स्विचमधून निघणारी इग्निशनची वायर सोलतात आणि तिथून घेतात. ती वायर आणि स्विचचे कॉन्टॅक्ट कंपनीनं कॉइल, मीटर अशा मोजक्याच भाराच्या हिशेबानं दिलेले असतात.

दुसरा प्रश्न: मुक्कामावर गाणी ऐकताना चावी कुठल्या खुणेवर असते? इंजिन बंद, चावी ऑन, आणि नशिबानं पॉइंट मिटलेल्या जागी थांबलेले असतील, तर ३ ओहमच्या कॉइलमधून ४ अँपिअरच्या वर करंट सलग वाहतो. म्हणजे ५० वॅट उष्णता कॉइलमध्ये. तासभर असं झालं की नवी कॉइलही भाजते आणि पॉइंट निळे पडतात. चावी अॅक्सेसरीवरच ठेवा, किंवा गाणी दुसऱ्या बॅटरीवर घ्या.

मोजायचं असं. इंजिन चालू, गाडी पूर्ण गरम. मीटर डीसी २० व्होल्टवर.

पहिल्या बॅटरीच्या दोन खांबांवर किती. मग कॉइलच्या प्लस ते बॅटरीच्या मायनस किती. हे दोन्ही एकदा पेट्रोलवर, फ्रिज बंद ठेवून. एकदा गॅसवर, फ्रिज चालू ठेवून. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर ठेवून दुसरं टोक टप्प्याटप्प्यानं पुढं नेत जा: स्विचला येणारी वायर, स्विचमधून निघणारी वायर, कॉइलचा प्लस. प्रत्येक ठिकाणी जे दिसेल तो त्या ठिकाणापर्यंतचा गळालेला व्होल्टेज. सगळा मिळून अर्धा व्होल्ट सोडून द्या, त्यावर गेला तर शोधायचं.

अर्थही अशीच: सेल मारताना इंजिन ब्लॉक ते बॅटरी मायनस ०.२-०.३ व्होल्टच्या आत पाहिजे. आणि सेल मारताना कॉइलच्या प्लसवर किती राहतं तेही लिहा.

कॉइल काढल्यावर तिचं प्रायमरीही मोजा, थंड असताना एकदा आणि गरम असताना एकदा. आणि आधी वायरिंगमध्ये बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट मर्यादेत ठेवणारा) आहे का ते बघा. बॅलास्टवाली कॉइल साधारण दीड ओहमची, बिनबॅलास्टची ३ ओहमच्या आसपास. नवी कॉइल घेताना हे कोणी विचारत नाही, दुकानदार हाताला येईल ती देतो.

---

करवीर कॅम्पर

मोजलं. घाट चढून आल्यावर गरम गाडीवर, मिसिंग चालू असताना.

पेट्रोल, फ्रिज बंद: बॅटरी १३.९, कॉइल प्लस १३.१.
गॅस, फ्रिज चालू: बॅटरी १३.६, कॉइल प्लस १०.९.
गॅस, फ्रिज चालू असताना टप्पे: स्विचच्या आत येणाऱ्या वायरपर्यंत ०.३, स्विचमधून निघणाऱ्या वायरीवर २.४, कॉइलवर २.७.
बंद पडल्यावर सेल मारताना: बॅटरी १०.४, कॉइल प्लस ७.८.
अर्थ: ०.२.

कॉइल प्रायमरी थंड ३.१ ओहम, गरम ३.७. बॅलास्ट नाही. मायनसवर एलईडी व्यवस्थित लुकलुकतो, एलपीजी स्विचची वायर काढूनही फरक नाही. मधल्या वायरची ठिणगी पिवळी, ३-४ मिमीच्या पुढं उडत नाही. रेड्यूसर गरम. स्विचमागचा कनेक्टर हाताला चटका देतो, एका पिनभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी झालंय.

फ्रिज आणि दुसऱ्या बॅटरीचा रिले इग्निशनच्या वायरीवरच आहेत. गॅसचे दोन्ही सोलेनॉइडही तिथंच.

---

शिरोली वायरमन

मग झालं की निदान. आकडेच बोलतात.

एकूण २.७ व्होल्ट गळतात, त्यातले २.१ एकट्या स्विच आणि कनेक्टरमध्ये. फ्रिज साधारण ५ अँपिअर, गॅसचे दोन सोलेनॉइड मिळून २, कॉइल सरासरी २, म्हणजे ९ अँपिअर धरा. २.७ भागिले ९, रस्त्यात ०.३ ओहम. हाच हिशेब उलटा लावून बघा: फ्रिज बंद, पेट्रोलचा एकच सोलेनॉइड, म्हणजे ३ अँपिअरच्या आसपास, तेव्हा ०.९ गळायला पाहिजे. तुमचे ०.८ गेले. आकडे एकमेकांना धरून आहेत.

एवढ्या करंटला त्या रस्त्यात २४ वॅटची उष्णता होते, त्यातली बरीचशी त्या एका पिनेत. पिन तापते, तिचा स्प्रिंग-ताण जातो, पकड सैल होते, रोध आणखी वाढतो, आणखी तापते. म्हणून गावातल्या दहा मिनिटांत कळत नाही.

यात भर कॉइलची. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्का वाढतो. तुमची कॉइल ३.१ वरून ३.७ वर गेली म्हणजे थंड मापापेक्षा पन्नासेक अंशानं तापलेली आहे. व्होल्टेज ८० टक्के, त्यात रोध वाढल्यामुळं करंट आणखी घटून मूळच्या ६७ टक्के. त्याचा वर्ग करा: ऊर्जा ४५ टक्के उरली. निम्म्याहून कमी ठिणगीवर गॅसची गाडी करूळ चढणार कशी? आणि बंद पडल्यावर सेल मारताना कॉइलला ७.८ व्होल्ट, मग ती पकडणार कशी? पंधरा मिनिटांत पिन आणि कॉइल दोन्ही थंड होतात, म्हणून चालू होते. कॉइल बदलून उपयोग झाला नाही कारण नवी कॉइलही त्याच उपाशी वायरीवर आणि त्याच फोमखाली बसवली.

काम असं करा.

फ्रिज आणि दुसऱ्या बॅटरीचा सगळा भार इग्निशनवरून काढा. फ्रिज दुसऱ्या बॅटरीवर, स्वतःच्या फ्यूजसह, ६ चौरस मिमी वायरनं. लांब अंतरात बारीक वायर घातली तर फ्रिज कमी व्होल्टेज म्हणून सारखा बंद पडेल. दोन बॅटऱ्या जोडायला व्होल्टेज बघून चालणारा रिले घ्या, १३.३ च्या आसपास जोडणारा आणि १२.८ ला सोडणारा. त्याला चावीची वायर लागतच नाही. पहिल्या बॅटरीवरून त्याच्याकडं जाणाऱ्या वायरला बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज पाहिजे, दुसऱ्या टोकालाही पाहिजे. दोन्हीकडं बॅटरी आहे हे विसरू नका, एका बाजूचा फ्यूज गेला तरी दुसरीकडून जाळ होतो.

कॉइलला वेगळा रिले. चार पायांचा साधा ३० अँपिअरचा. ३० नंबरला बॅटरीवरून १५ अँपिअर फ्यूजमधून २.५ चौरस मिमी वायर. ८७ वरून कॉइलचा प्लस. कॉइलवर आधी येणारी इग्निशनची वायर आता ८६ ला. ८५ चांगल्या अर्थवर. चावीच्या स्विचवर आता कॉइलऐवजी फक्त रिलेच्या गुंडाळीचा भार, पाव अँपिअरही नाही. गॅसच्या स्विचचा फीड ८७ वरूनच, ५ अँपिअरचा वेगळा फ्यूज घालून. चावी बंद केली की गॅस बंद झालाच पाहिजे, त्यामुळं तो कायम बॅटरीवर देऊ नका. कोणी ‘सोपं आहे’ म्हणून दिला तर परत काढायला लावा.

रिले इंजिनाच्या झाकणाखाली नको, डॅशबोर्डच्या खाली बसवा. लग पक्कडीनं चेपून नाही, क्रिंपिंग प्लायरनं. टेपवर भागवू नका, गरमीत गोंद सुटतो. हीट-श्रिंक नळी घाला.

तपकिरी झालेली पिन घासून परत वापरायची नाही. तिची स्प्रिंग गेलेली असते. कनेक्टरसकट बदला, आणि स्विचचा कॉन्टॅक्टचा भागही.

कॉइल झाकणाखालून काढून हवा लागेल अशा ठिकाणी पत्र्याच्या पट्टीत घट्ट बसवा. पट्टीही उष्णता ओढते. बसवताना ध्रुव बघा: चावीकडची वायर प्लसला, डिस्ट्रिब्युटरची मायनसला. उलट लागली तर गाडी चालते, पण ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि तुमच्यासारख्या गॅसच्या गाडीत तेवढंच निमित्त पुरतं. फोमबद्दल: इंजिनाच्या झाकणावर चादर-फोम चालेल, पण आतून वारं जायची मूळची भोकं बुजवलेली असतील तर मोकळी करा.

---

पॉइंट कंडेन्सर

वायरिंग झाल्यावर पॉइंट-कंडेन्सर नवाच घाला. निळे पडलेले पॉइंट पॉलिश पेपरनं घासून थोडे दिवस जातात, पण लवकर खड्डे पडतात. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला खड्डा दिसला तर कंडेन्सर चुकीच्या क्षमतेचा. साधारण ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅराड पाहिजे, आता बऱ्याच मल्टिमीटरवर मोजता येतं. बाजारात कंडेन्सर फार टुकार येतात. नवा घेतला तरी मोजा, हेअर ड्रायरनं तापवून परत मोजा. गरमीत आकडा हलला तर दुकानदाराला परत द्या. चांगला चाललेला जुना कंडेन्सर फेकू नका, गाडीत ठेवा.

बसवताना: इंजिन हातानं फिरवून पॉइंटचा फायबर कॅमच्या टोकावर आणा. गॅप ०.४ ते ०.५ मिमी, मी ०.४५ सांगीन, कारण फायबर सुरुवातीला थोडा झिजतो आणि गॅप कमी होतो. मग हाच गॅप बाकीच्या दोन टोकांवरही मोजा. ०.०५ पेक्षा जास्त फरक आला तर डिस्ट्रिब्युटरचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) गेलाय. शाफ्ट धरून आडवा हलवला की कळतंच. अशा डिस्ट्रिब्युटरवर टायमिंग (ठिणगीची वेळ) कधीच बसत नाही, प्रत्येक सिलेंडरला वेगळं पडतं. उद्यमनगरात लेथवर ब्राँझचा बुश करून मिळतो, नवा डिस्ट्रिब्युटर शोधत बसण्यापेक्षा बरं. फक्त शाफ्टही झिजलाय का ते आधी मोजून घ्यायला सांगा, नाहीतर नव्या बुशात जुना शाफ्ट तसाच डुलतो.

फिलर गेजला (गॅप मोजायच्या पट्ट्यांना) तेल असतं. गॅप लावल्यावर पॉइंटमधून कोरा कागद ओढा, डाग येईनासा झाला पाहिजे. तो तेलाचा थर पहिल्या तासात जळून पॉइंट काळे करतो. कॅमवर हरभऱ्याच्या निम्म्याएवढं हाय-टेंपरेचर ग्रीस, त्याहून जास्त नाही. जास्त झालं की उडून पॉइंटवर बसतं.

गॅप बदलला की टायमिंग हललं, हे पक्कं. गॅप वाढला तर टायमिंग पुढं जातं, कमी झाला तर मागं. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग, उलट कधी नाही. ओम्नीत खूण फ्लायव्हीलवर असते, बेलहाउसिंगवरच्या रबरी बुचातून दिसते. बूच बहुतेक हरवलेलं असतं आणि तिथून चिखल आत जातो, नवं लावा. पहिला सिलेंडर कॉम्प्रेशनला आणून खूण जुळवा, कॉइलच्या मायनसवर तोच एलईडी लावा, डिस्ट्रिब्युटर हळू फिरवा. एलईडी पेटला तो क्षण म्हणजे पॉइंट उघडले. तिथं बोल्ट आवळा आणि चालू झाल्यावर स्ट्रोब लाइटनं पडताळा. फायरिंग ऑर्डर १-३-२. डिस्ट्रिब्युटर काढायच्या आधी रोटर कुठं बघतोय त्याची बॉडीवर खूण करा.

रेस दिल्यावर खूण पुढं सरकते का तेही त्याच लाइटनं बघा. सरकली नाही तर डिस्ट्रिब्युटरच्या आतली, वेगाबरोबर ठिणगी पुढं सरकवणारी वजनं गंजून अडकलीत. व्हॅक्यूमचा पाइप तोंडानं ओढून बघा, प्लेट हलली पाहिजे आणि पाइप जिभेनं बंद केल्यावर ओढलेली राहिली पाहिजे. परत आली तर पडदा फाटलाय. मग सपाटीला अॅव्हरेज पडतं.

आता पावसाळी सकाळ. हा वेगळा दोष आहे, वायरमननी सांगितलेल्या कामानं थोडा झाकला जाईल, जाणार नाही. कॅप काढून उजेडात धरा. आतून दोन खांबांच्या मध्ये किंवा खांबापासून कडेपर्यंत पेन्सिलनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती कार्बनची वाट आहे. दमट हवेत ठिणगी प्लगकडं जाण्याऐवजी त्या वाटेनं जाते. ती घासून जात नाही, कॅप बदलायची. मधला कार्बनचा खडा स्प्रिंगवर मोकळा हलतो का बघा. रोटरच्या टोकाचं पितळ जळून मागं गेलेलं असेल तर रोटरही.

प्लग वायरी ओहमनं मोजा. कार्बन कोअरच्या या लांबीला काही किलोओहम येतात, तिन्हींत जी एकदम वेगळी ती गेली. पण इन्सुलेशनची गळती ओहमनं दिसत नाही. ती दिसते अंधारात. रात्री, गॅस टाकीवर बंद, पेट्रोलवर इंजिन चालू, सीट उचललेली, आणि साध्या पाण्याचा स्प्रे वायरींवर आणि कॅपवर हलकाच. निळ्या रेषा नाचताना दिसतात तिथून गळती. पेट्रोलची गळती कुठं नाही ना, हे आधी बघून घ्या. गगनबावड्याला पावसाळ्यात रात्रभर धुक्यात उभी राहिलेली गाडी आणि आत दोन माणसं झोपलेली: श्वासाची वाफ, चहाची वाफ सगळी जाऊन थंड इंजिनावर बसते. सकाळी सेल मारायच्या आधी कॅप कोरड्या कापडानं आतून पुसली तर बॅटरी वाचते. प्लगची टोपी आत हिरवी पडली असेल तर ती वायर बदलाच.

प्लग अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये जातो, थंड इंजिनावरच काढा-घाला. आधी बोटांनी आटे धरले पाहिजेत, पान्यानं सुरुवात करायची नाही.

---

करवीर कॅम्पर

यापेक्षा पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर टाकला तर? नंतरच्या कार्बोरेटरच्या गाड्यांचा मिळतो.

---

उद्यमनगर फिटर

टाका, पण रिले आणि स्विचचं काम आधी. उपाशी वायरीवर इलेक्ट्रॉनिकही उपाशीच राहणार, वर पॉइंटसारखा रस्त्यात घासून चालू करता येत नाही. घेताना शाफ्टची लांबी आणि खालचा ड्राइव्ह जुन्याशी लावून बघा, आणि त्याच्यासोबत त्याचीच कॉइल घ्या. इलेक्ट्रॉनिक इग्नायटर (पॉइंटच्या जागी करंट तोडणारा) कमी ओहमच्या कॉइलच्या हिशेबानं बनवलेला असेल तर तुमच्या ३ ओहमच्या कॉइलवर पूर्ण ताकद मिळत नाही. उलट कमी ओहमची कॉइल पॉइंटवर चालवली तर पॉइंट आठवड्यात जळतात. जुना डिस्ट्रिब्युटर बुश करून, पॉइंट लावून, कॅपसकट प्लास्टिकच्या पिशवीत गाडीतच ठेवा. इग्नायटर गेला तर करूळच्या मध्यातही तो बसवता येतो. त्यासोबत जुनी ३ ओहमची कॉइलही ठेवा.